तुम्ही विचारलंत म्हणून: फूड प्रोसेसर रोज वापरला जातो का?

‘तुमच्याकडे आहे ना फूड प्रोसेसर? मग खरं सांगा, रोज वापरता की माळ्यावर गेलाय?’ संध्याकाळी ठाण्याला परतताना बायकांच्या डब्यात कुणी मटार सोलत असतं, कुणी गवार मोडत असतं, आणि हा प्रश्न हमखास येतो. विचारणारीने पैसे बाजूला काढलेले असतात, दुकानात जाऊन बघूनही आलेली असते. वापरणाऱ्या बाईने एकदा सांगावं, एवढंच तिला हवं असतं.

तर सांगते. रोज वापरते, आणि मुख्यतः एकाच कामाला: कणीक भिजवायला. जाहिरातीत काकडीच्या चकत्या आणि गाजराचा कीस दाखवतात, पण तो आपल्याकडे रोज लागत नाही. पोळ्या मात्र रोज लागतात, डब्याच्या आणि रात्रीच्या. पोळ्या करण्यात हाताला सगळ्यात जड जातं ते मळणं. माझ्या सासूबाईंची बोटं सांध्यांत सुजायला लागली तेव्हा लाटणं त्यांना जमत होतं, भाजणंही जमत होतं, घट्ट कणकेत मूठ दाबणं तेवढं जमेना. यंत्राने मळून दिल्यावर पुढच्या पोळ्या त्याच करायच्या, आणि त्यांच्यासारखी घडीची पोळी आजही आमच्या घरात कुणाला येत नाही.

आता पद्धत. प्लॅस्टिकचं, बोथट, मळायचं पातं लावायचं. तीन वाट्या कणीक, मीठ, चमचाभर तेल. झाकण लावून यंत्र चालू करायचं आणि वरच्या नळीतून पाणी धारेने सोडायचं, एकदम ओतायचं नाही. तीन वाट्यांना साधारण सव्वा वाटी पाणी लागतं, पण हे गव्हावर आहे. गिरणीतून दळून आणलेला लोकवन आणि पिशवीतला आटा सारखं पाणी पीत नाहीत. आधी पीठ ओलसर रव्यासारखं दिसतं, मग गुठळ्या होतात, मग अचानक सगळं एक होऊन गोळा भांड्याच्या कडा पुसत फिरायला लागतो. आवाजही बदलतो, जरा जड होतो. तिथेच थांबायचं. अजून मऊ होईल म्हणून पुढे फिरवत राहिलं की कणीक गरम होते आणि पोळी चिवट. गोळा त्या वेळी थोडा घट्ट वाटला तरी पाणी वाढवू नका. झाकून वीस मिनिटं ठेवला की पीठ पाणी शोषून घेतं आणि गोळा आपोआप सैलावतो. मग तेलाच्या हाताने चार वेळा मळून घ्या. ते काम हातानेच करावं असं माझं मत आहे, कारण कणीक कशी झालीय ते बोटांनाच कळतं.

विजेची काळजी करणाऱ्यांसाठी हिशेब: साडेसातशे वॅटची मोटर दोन मिनिटं चालली तर अशा चाळीस वेळांना मिळून एक युनिट होतं.

‘मग मिक्सरमध्ये का नाही?’ हाही प्रश्न येतो. मिक्सरचं भांडं अरुंद आणि पातं फार वेगाने फिरणारं. ओलं वाटण खाली ओढून बारीक करायला ते उत्तम, पण कणकेसारखा जड गोळा त्यात अडकतो. प्रोसेसरचं भांडं पसरट, आणि मळताना वेगही कमी ठेवायचा. शेंगदाण्याच्या कुटात हा फरक स्पष्ट दिसतो. मिक्सरमध्ये जरा जास्त फिरलं की तळाशी तेल सुटून कूट चिकटतं आणि वर अख्खे दाणे राहतात. प्रोसेसरमध्ये थांबत थांबत फिरवलं की कूट मोकळं, एकसारखं जाडसर होतं. खिचडीला, कोशिंबिरीला असंच हवं.

कांद्याला मात्र सांभाळा. चार फोडी करून, धातूच्या पात्याने, बटण क्षणभर दाबून सोडायचं, दोन-तीनदा. सलग फिरवलात तर कांद्याला पाणी सुटतं, लगदा होतो आणि चवीला कडवट उतरतो. पोह्यांचा कांदा मी सुरीनेच चिरते. पचडीचा कोबी आणि उपासाच्या बटाट्याचा कीस सोबत येणाऱ्या किसायच्या चकतीवर छान होतो, थालीपिठाचा दुधीही. पण मोदकाच्या सारणाला ओलं खोबरं खवणीवरचंच हवं. पात्याने त्याचे बारीक तुकडे होतात, खवणीसारखा मऊ कीस पडत नाही. खमंग काकडी तर चोचवलेलीच खावी. म्हणून घरातली विळी काढून टाकू नका.

गणपतीत मात्र या यंत्राला मी मनापासून मानते, ते उकडीसाठी. उकड गरम असतानाच मळावी लागते, आणि तळहात पोळून निघतात. वाफ जराशी गेली की ती भांड्यात घालायची, थोडा पाण्याचा हात लावायचा, मिनिटभर फिरवायची. लोण्यासारखी मऊ होते, पारी कडेला फाटत नाही. तांदळाच्या पिठात गव्हासारखा चिकटपणा नसतो, त्यामुळे जास्त मळून ती चिवट होण्याची भीती नाही.

मुळात हे यंत्र फ्रान्समध्ये हॉटेलांच्या भटारखान्यांसाठी बनलं आणि १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला घरगुती झालं. तिथलं काम म्हणजे चिरणं, कापणं, मैद्याचं पीठ. आपल्याकडे त्याआधीच, १९६०च्या दशकात, सुमीतसारखे वाटणाला टिकणारे मिक्सर आले होते. म्हणून आपल्याकडे बरेचसे प्रोसेसर मिक्सरची भांडी सोबत घेऊनच येतात. सोबत आलेलं सगळंच वापरलं पाहिजे असा हट्ट मात्र धरू नये. चार-पाच चकत्यांपैकी दोन लागतात, बाकीच्या डब्यात राहिल्या तरी चालतं.

रोज वापर होणं हे यंत्राच्या जागेवर ठरतं. नौपाड्यातल्या जुन्या घरांचे ओटे लहान आहेत, हे मला माहीत आहे. तरी ओट्यावर, प्लगजवळ, भांडं बसवलेलं असं ठेवता येत असेल तरच घ्या. सकाळच्या घाईत कपाटातून काढून जोडायला कुणाला वेळ नसतो.

आणि धुण्याचं. कणकेचं भांडं लगेच गार पाण्याने धुवा. गरम पाण्याने कणीक आणखी चिकटते. धातूचं पातं मोरीत, साबणाच्या पाण्यात, इतर भांड्यांखाली कधीही सोडू नका. भांडी घासायला येणाऱ्या मावशींना ते दिसत नाही आणि बोट खोल कापतं. आमच्याकडे ते पातं ज्याने वापरलं त्यानेच धुऊन, पुसून फळीवर ठेवायचं असा नियम आहे आणि मुलगाही तो पाळतो.

घ्यायला गेलात की रंग आणि चकत्यांची संख्या बघू नका. मळायचं भांडं तुमच्या घरच्या कणकेला पुरेल एवढं आहे का ते बघा. भांडं, झाकण आणि खालची प्लॅस्टिकची चक्री सुटी मिळते का, ते दुकानदाराला विचारा. झाकण नीट बसल्याशिवाय यंत्र सुरू होत नाही, त्यामुळे झाकणाचा कान तुटला तर चांगली मोटरसुद्धा तशीच पडून राहते.