आमची वाटचाल: ‘मालक, जॉब बिघडलाय’ म्हणायला शिकताना

शिरोली एमआयडीसीत आमचं मशीनशॉप आहे. फाउंड्रीतून कास्टिंग, म्हणजे ओतीव लोखंडाचा भाग, येतं (मशीनवर चढला की त्यालाच आम्ही ‘जॉब’ म्हणतो), आमच्याकडं टर्निंग, बोअरिंग, ड्रिलिंग होतं आणि माल पंप, व्हॉल्व्हवाल्यांकडं जातो. कोल्हापुरात यात नवल काही नाही. उसाला पाणी पाजणारी ऑइल इंजिनं इथं बनायला लागली तेव्हापासून फाउंड्री आणि मशीनशॉप ही जोडी या गावात आहे. उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव, कुठंही जा, आमच्यासारखी छोटी वर्कशॉपं सापडतील. २००८ साली एक जुनं लेथ आणि एक रेडियल ड्रिल यावर सुरुवात झाली. आज सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणारी मशीनं आहेत, त्यातलंच उभ्या स्पिंडलचं एक व्हीएमसी आहे आणि वीसएक माणसं आहेत. मशीनं कशी घेतली, बँकेचे हप्ते कसे फेडले, हे सगळेच उद्योजक सांगतात. मला सांगायचंय ते आयटीआय करून किंवा बारावी अर्धी सोडून पहिल्यांदाच कामाला लागलेल्या पोरांबद्दल.

चहाच्या गाड्यावर चार मालक जमले की एक वाक्य हमखास येतं: ‘आजकालच्या पोरांना काम नको, नुसता मोबाईल पाहिजे.’ उशिरा येणं, मोबाईल, गुटखा हे सगळं आमच्याकडंही होतं. पण यातल्या कशानंही आमचं फार मोठं नुकसान झालं नाही. नुकसान झालं ते गप्प बसण्यानं.

समजा पन्नास मिलिमीटरचा बोअर, म्हणजे गोल भोक, करायचंय, एच-सेव्हन टॉलरन्समध्ये (मापात चालणाऱ्या फरकाची ही एक ठरलेली मर्यादा). म्हणजे पन्नासच्या खाली जायचं नाही आणि वर फार तर पंचवीस मायक्रॉन (हजार मायक्रॉनचा एक मिलिमीटर). कास्टिंगमध्ये वाळू राहिली असेल तर इन्सर्ट, म्हणजे हत्याराचं कापणारं पातं, लवकर झिजतो आणि माप सरकायला लागतं. मशीनवरच्या पोराला ते कळतं, कारण भोक तपासायच्या प्लग गेजचं ‘गो’ टोक, जे सहज आत जायला हवं, ते अडकायला लागतं. त्याच क्षणी त्यानं हाक मारली तर एकदोन जॉब जातात, तेही बहुतेक वेळा परत फिरवून वाचतात. तो गप्प राहिला, गेज जोर लावून घातला आणि जॉब बिनमध्ये तळाला ढकलला, तर महिन्याभरानं सगळा लॉट डेबिट नोटसकट, म्हणजे पैसे कापल्याच्या चिठ्ठीसकट, परत येतो.

आता तो गप्प का राहतो? शाळेत चुकलं की वर्ग हसायचा. आधीच्या वर्कशॉपात बिघडलेल्या जॉबचे पैसे पगारातून कापले होते. इतकं झाल्यावर पोरगं शहाणंच होणार की! लपवणं हे त्याच्या दृष्टीनं अक्कलहुशारीचं काम आहे. त्याला ‘प्रामाणिक राहा’ असं सांगून काही हलत नाही.

म्हणून आम्ही नियम केला की बिघडलेल्या जॉबचा एक रुपयाही कापायचा नाही. जॉबवर लाल रंगाचा फराटा मारायचा, तो लाल टेबलावर ठेवायचा आणि शेजारच्या फळ्यावर मशीन, वेळ आणि काय दिसलं एवढं लिहायचं. मात्र लपवलेला सापडला तर आठवडाभर मशीन बंद, कानस घेऊन जॉबच्या कडेची बर, म्हणजे राहिलेली कुसळं, घासून काढत बसायचं. सुरुवातीला टेबल रिकामंच होतं. पोरं वाट बघत होती की पहिला बकरा कोण होतोय. शेवटी आमच्या मिस्त्रींनी, सगळ्यात जुन्या सेटरनी (सेटर म्हणजे मशीन कामाला लावून देणारा), स्वतःच्या हातून बिघडलेला एक फ्लँज आणून सगळ्यांसमोर तिथं ठेवला आणि फळ्यावर स्वतःचं नाव टाकलं. मिस्त्रींचं बिघडतं म्हटल्यावर मग आपलं बिघडायला काय हरकत आहे!

त्यानंतर एके दिवशी पन्हाळ्याच्या बाजूचं एक पोरगं केबिनच्या दारात येऊन उभं राहिलं.

‘मालक, जॉब बिघडलाय.’

‘कितवा?’

‘दुसराच. गो जाईना म्हणून थांबलोय. इन्सर्टची कड उडालीय बघा.’

नुसतं ‘बिघडलाय’ म्हणून तो थांबला नव्हता, कारणही बघून आला होता. जाहिरातीत आम्ही ‘जबाबदार उमेदवार हवा’ असं लिहितो, त्यातली जबाबदारी मला त्या दिवशी दारात दिसली.

मापाचंही असंच. आयटीआयला चांगले मार्क पडलेली पोरंही व्हर्नियर हातात दिला की चाचपडतात, कारण तिथं तो चाळीसजणांत फिरलेला असतो. मी चूक काढत बसत नाही. एकच जॉब तिघांना द्यायचा, प्रत्येकानं एकमेकांना न दाखवता माप कागदावर लिहायचं. तीन कागदांवर तीन आकडे येतात आणि मग जे भांडण लागतं त्यात निम्मं शिक्षण होऊन जातं. एकदा तर तिघंही बरोबर होते! एकानं जॉब मशीनवरून काढल्या काढल्या गरम असताना मोजला होता, बाकी दोघांनी चहानंतर, थंड झाल्यावर. कास्ट आयर्न दहा अंशांनी तापलं तर पन्नास मिलिमीटरला पाचएक मायक्रॉनचा फरक पडतो. म्हणजे पंचवीसातले पाच नुसत्या उष्णतेनं खाल्ले. दशांश अपूर्णांकाच्या भीतीनं शाळा सोडलेलं पोरगं त्या दिवशी भिंतीवर खडूनं गुणाकार करत होतं. शिकायची गोडी लागावी म्हणून आम्ही एकदा बाहेरचे वक्तेही बोलावले होते. टाळ्या झाल्या, घोषणा झाल्या, दोन दिवस पोरं एकमेकांना ‘पॉझिटिव्ह राहा’ म्हणून चिडवत होती. मला तरी ते भिंतीवरचे गुणाकार जास्त पटतात.

गैरहजेरीचा प्रश्न वेगळा होता. गावची म्हाई म्हणजे जत्रा, जोतिबाची चैत्र यात्रा, घरच्या उसाला आलेली तोड, यातलं काहीच चुकवता येत नाही आणि चुकवावं असं मलाही वाटत नाही. अडचण व्हायची ती न सांगण्यानं. म्हणून मोठं कॅलेंडर लावलं. वर्षाच्या सुरुवातीलाच ज्यानं त्यानं आपल्या गावच्या म्हाईची तारीख लिहायची. ऊसतोडीची तारीख आधी कळत नाही, तिथं फोन करायचा. मेसेज नाही, फोन. यावर पोरं अडली. इन्स्टाग्रामवर बिनधास्त असणारी पोरं मालकाला फोन लावताना घामाघूम होत होती. ‘येत नाही’ एवढं म्हणून कट! मग दुपारच्या सुट्टीत आम्ही चक्क फोनची तालीम घेतली. नाव, शिफ्ट, मशीन, कधी येणार, आणि अर्धवट काम कुठं ठेवलंय. हसून हसून पोटं दुखली, पण जमलं. आयटीआयत आता एम्प्लॉयबिलिटी स्किल्स हा विषय आहे, त्यात बायोडेटा, मुलाखत सगळं येतं आणि ते हवंच. पण नको असलेली बातमी वरच्या माणसाला वेळेत सांगणं परीक्षेच्या पेपरात येत नाही, ते रोजच्या कामातच अंगवळणी पडतं. तालमीतलीच दोन पोरं आज गिऱ्हाइकाच्या क्वालिटीवाल्यांशी फोनवर सरळ बोलतात.

प्रत्येक मशीनला एक वही टांगलीय. शिफ्ट बदलताना ऑफसेट किती दिला, म्हणजे माप जुळवायला हत्यार किती सरकवलं, इन्सर्ट कधी बदलला, कुठला आवाज येतोय ते लिहायचं. शुद्धलेखन कुणी तपासत नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेच्या पुरानं शिरोलीजवळ महामार्ग बंद झाला. आमचे सेटर सगळे शहरात, पलीकडं अडकलेले. अलीकडं होती ती हेरले, मौजे वडगावकडची पोरं. शेडमध्ये थोडं कास्टिंग शिल्लक होतं. वह्या वाचून आणि मिस्त्रींना फोन लावून त्या पोरांनी दोन मशीनं चालू ठेवली. माल गेला कुठंच नाही, कारण रस्ताच नव्हता. पण पाणी उतरल्यावर डिस्पॅच तयार होता. जुलै २०२१ ला पुन्हा रस्ता बंद झाला, तेव्हा कुणी घाबरलंसुद्धा नाही.

पैशाचंही सांगायला हवं. शिकाऊ उमेदवारांचा कायदा १९६१ चा. आता तीस किंवा जास्त माणसं असतील तर अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ घेणं बंधनकारक आहे. आम्ही त्याहून लहान, त्यामुळं आमची मर्जी. २०१६ पासून केंद्राच्या योजनेत विद्यावेतनाचा पंचवीस टक्के, फार तर दीड हजार रुपये महिना, सरकार देतं. २०२४ मध्ये राज्य सरकारनं युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली, त्यात बारावीला ६,०००, आयटीआय आणि पदविकेला ८,०००, पदवीला १०,००० रुपये. हे सगळं चांगलंच आहे. पण काही मालक याला फुकटचे हात समजतात. तिथं पोरगं सहा महिने जॉब लावतं, जॉब काढतं आणि तेवढंच शिकून बाहेर पडतं. शिकवायला खरा खर्च लागतो तो मिस्त्रींच्या वेळेचा. तो कुठल्याच योजनेत धरलेला नाही आणि जॉबचा दर ठरवताना गिऱ्हाईकही धरत नाही. आमचे मिस्त्री रयत शिक्षण संस्थेच्या वसतिगृहात कमवा आणि शिका करत वाढलेले, म्हणून ते तक्रार करत नाहीत. दुसरा सेटर करतो, आणि त्याचंही चूक नाही.

शिकलेली पोरं पुण्याजवळ चाकणच्या कारखान्यांत जातात, जास्त पगारावर. जाताना मी ‘वर्तणूक चांगली’ असला दाखला देत नाही. बोअर गेज लावता येतो, ड्रॉइंग वाचतो, फनुक कंट्रोलच्या सीएनसीवर ऑफसेट देतो, बिघाड झाला तर स्वतः सांगतो, असं लिहितो. गेलेल्यांनी आपले चुलतभाऊ, मावसभाऊ पाठवलेत. तीन वर्षांपूर्वी एकाची बहीण आली.

ती तपासणीला होती, आता तिला व्हीएमसीचं सेटिंग शिकायचंय. तिच्यामागं आणखी एक मुलगी आलीय. सेटिंग शिकायला निवांत वेळ मिळतो तो दुसऱ्या शिफ्टलाच, कारण तेव्हा डिस्पॅचची घाई नसते. पण शिफ्ट सुटते रात्री, आणि मुलींना घरी सोडायला गाडी लागणारच. शेजारच्या दोन वर्कशॉपवाल्यांबरोबर मिळून एक गाडी लावायची बोलणी चाललीत. भाडं माणशी वाटायचं की किलोमीटरवर, एवढ्यावर अडलंय. गाडी ठरेपर्यंत मिस्त्री तिला पहिल्या शिफ्टलाच, जेवणाच्या सुट्टीतला अर्धा तास काढून शिकवतायत.