लेमन बाम, वर्ष दुसरं: दोन थेंब तेल आणि ओतून दिलेलं पाणी

लागवडीचं आधी उरकतो. लेमन बाम या लिंबाच्या वासाच्या झाडाचं बी अगदी बारीक असतं आणि उगवायला त्याला उजेड लागतो. पहिल्या ट्रेमध्ये मी मोठ्या शहाणपणाने वरून बोटभर माती पसरली होती. त्यातून एकही कोंब वर आला नाही. दुसऱ्या खेपेला ओल्या कोकोपीटवर बी नुसतं भुरभुरलं, वर काच ठेवली, आणि सोळाव्या दिवशी हिरवे ठिपके दिसले. घाई असेल त्याने बियांच्या नादी लागूच नये, जुन्या झाडाचा गड्डा फोडून लावावा. झाड पुदिन्याच्या कुळातलं, चौकोनी दांडा तसाच. पण पुदिन्यासारखं जमिनीखालून धावत सुटत नाही, जागच्या जागी फुगतं. बी मात्र पडू दिलं तर शेजारच्या कुंड्यांवर आपला हक्क राहत नाही!

आता माझ्याकडे अकरा झाडं आहेत. मध्ये भुरी (पानांवर पांढरी पूड धरणारी बुरशी) आली होती. दाटी कमी केली, रोगट पानं काढली, पाणी पानांवर न घालता बुडाशी द्यायला लागलो, आणि ती आटोक्यात आली.

आता मुख्य गोष्ट, तेल. फुलोरा येण्याच्या आधी, दव सुकल्यावर, फांद्यांचा वरचा भाग कापला. तेलाच्या ग्रंथी पानांवर असतात, कोवळ्या वरच्या पानांत तेल जास्त, दांड्यात जवळपास नाहीच. म्हणून बसून एकेक पान खुडलं. दांडे बाजूला गेल्यावर ४२० ग्रॅम पानं उरली. बोटांना दिवसभर लिंबाचा वास होता, आणि तेवढ्या वासावरून मला वाटलं की तेल भरपूर निघणार.

दोन घाण्यांत ऊर्ध्वपातन केलं, म्हणजे पानं पाण्यात उकळून त्यांची वाफ थंड करून गोळा केली, प्रत्येकी दोन तास. थंड झालेलं पाणी थेंबथेंब उतरू लागलं, वास तर खोलीभर. पण जमा करायच्या नळीत तेलाचा थर काही दिसेना. शेवटी दिवा बंद केला, मागून टॉर्च धरला, तेव्हा पाण्याच्या कडेला काचेला चिकटलेली फिकट पिवळी चकती दिसली, मसूरडाळीएवढी. ड्रॉपरने ओढायला गेलो तर निम्मी काचेलाच राहिली. हाती आले दोन थेंब.

आधी मला भांड्याच्या सांध्यातून वाफ गळल्याचा संशय आला. मग हिशेब मांडला. वाळल्या पानांत तेलाचं प्रमाण साधारण ०.०२ ते ०.३ टक्के. माझी पानं वाळून ९० ग्रॅमच्या आसपास भरली असती. म्हणजे नशीब कितीही जोरावर असतं तरी पाव मिलिलीटरच्या फार पुढे गाडी जात नव्हती. भांडं निर्दोष होतं, झाडच कंजूष आहे.

यावरून बाटलीबंद ‘मेलिसा तेल’ (मेलिसा हे लेमन बामचंच दुसरं नाव) स्वस्त दिसलं की सावध का व्हायचं, हेही कळतं. या वासातले सिट्रल आणि सिट्रोनेलाल हे मुख्य घटक अनुक्रमे गवती चहाच्या आणि सिट्रोनेला गवताच्या तेलात मुबलक मिळतात. भेसळ त्यांचीच होते, आणि नुसत्या नाकाने ती पकडणं कठीण. (मेलिसा म्हणजे ग्रीकमध्ये मधमाशी. कामकरी माश्या एकमेकींना बोलवायला जो गंध सोडतात त्यातही सिट्रल असतं. नाव उगीच पडलेलं नाही.)

खरी चूक मात्र नंतर लक्षात आली. भांड्यात उरलेलं तपकिरी, तुरट पाणी मी मोरीत ओतून दिलं. या पानातलं औषधी मानलं जाणारं रोझमॅरिनिक आम्ल वाफेबरोबर वर जात नाही, पाण्यात उतरतं आणि तळाशीच राहतं. युरोपीय औषधकोशाच्या निकषाप्रमाणे वाळल्या पानात ते किमान १ टक्का लागतं. तो निकष धरला तर माझ्या पानांत जवळपास एक ग्रॅम होतं. दोन थेंबांसाठी मी ते घालवलं. ओठांवर हर्पिसचे फोड येतात त्यावर युरोपात जे मलम वापरतात, त्यातही पानांचा अर्क असतो, तेल नव्हे.

म्हणून दुसरी कापणी सरळ वाळवली. सावलीत, जाळीवर, एकाच थरात, ३५ अंशांच्या वर तापमान जाऊ न देता. पान चुरचुरलं की काचेच्या बरणीत, अंधारात. वास निम्म्याहून उतरतो, त्याला इलाज नाही. चहासाठी दीड ग्रॅमपासून साडेचार ग्रॅमपर्यंत पान, १५० मिलिलीटर उकळतं पाणी, आणि कपावर झाकण. झाकण नसलं तर उरलासुरला वासही हवेत जातो. झाकण काढाल तेव्हा त्याला आतून चिकटलेले थेंब परत कपातच झटका.

परंपरेने हा चहा झोपेसाठी, मनाच्या बेचैनीसाठी आणि पोटातल्या गॅससाठी घेतात. मला रात्री एक कप बरा वाटतो, याहून मोठा दावा मी करणार नाही. झोपेच्या किंवा थायरॉइडच्या गोळ्या सुरू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा.

ऊर्ध्वपातनातून जे सुगंधी पाणी आलं, ते दोन बाटल्या भरून फ्रीजमध्ये आहे. ते दोन थेंब एका कुपीत ठेवलेत; कुपी उघडली की बुडाशी दिसतही नाहीत. तिसऱ्या कापणीला अजून पाच आठवडे आहेत. तेव्हा तळाचं पाणी गाळून मंद आचेवर आटवून बघणार आहे.