अंगठा, एथिक्स कमिटी आणि दसरा: माझा अनुभव

समाजशास्त्रातल्या माणसाला एथिक्स कमिटी, म्हणजे सहभागी लोकांना संशोधनातून अपाय होणार नाही ना हे तपासून मंजुरी देणारी समिती, कशाला लागते, असं मला अजूनही ओळखीतले लोक विचारतात. आपण कुणाला इंजेक्शन टोचत नाही, रक्त काढत नाही, नुसते प्रश्न विचारतो. पण आरोग्याशी संबंध असलेलं काम राष्ट्रीय संशोधन संस्थेतून करायचं म्हटलं, की ही मंजुरी हातात पडेपर्यंत एक मुलाखतसुद्धा घेता येत नाही. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांत सामाजिक आणि वर्तनविषयक संशोधनासाठी वेगळं प्रकरणच आहे. केंद्र सरकारच्या 2019 च्या नियमांनंतर या समित्यांना आरोग्य संशोधन विभागाकडे नोंदणीही करावी लागते. यातलं काहीच मला चुकीचं वाटत नाही. माझं भांडण आहे ते तारखांशी, आणि एका अंगठ्याशी.

विषय होता ऊसतोड करणाऱ्या बायकांचं आजारपण आणि त्यापायी पडणारे खाडे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते: तोडणीला नवरा-बायकोची जोडी मिळून एक ‘कोयता’ धरतात. मुकादम, म्हणजे मजुरांची टोळी जमवणारा ठेकेदार, हंगामाआधी कोयत्यामागे उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देतो आणि ती फिटेस्तोवर जोडी राबते. बाईला ताप आला, पाळीचा त्रास झाला, ती एक दिवस फडात गेली नाही, तर दंड सबंध कोयत्याला. तोच खाडा. दिवसाला 500 पासून 1000 रुपयांपर्यंतचे आकडे आमच्या कानावर येत होते.

दसरा झाला की बीड जिल्ह्यातल्या वडवणी, धारूर, पाटोदा, शिरूर कासार या भागातल्या टोळ्या निघतात. कुणी सांगली-कोल्हापूरला जातं, कुणी सोलापूरला, कुणी थेट कर्नाटकात. मागे वाडीत म्हातारी माणसं आणि शाळकरी पोरं. त्यामुळे पहिल्या फेरीच्या मुलाखती दसऱ्याच्या आत होणं भागच होतं. निधी, मार्गदर्शक, प्रश्नावलीची चाचणी, सगळं वेळेत झालं. त्यावर लिहिण्यासारखं काही नाही.

अर्ज गेला आणि पहिल्यांदा परत आला तो संमतीपत्राच्या तळाशी आवृत्ती क्रमांक आणि तारीख नाही म्हणून. (हे आत्ताच लिहून घ्या: प्रत्येक कागदाच्या प्रत्येक पानावर खाली ‘आवृत्ती 1.0’ आणि तारीख टाका. मराठी आणि इंग्रजी प्रतींवर एकच आवृत्ती हवी. एक ओळ बदलली तरी आकडा बदला.) नंतर बैठकीला कोरम नव्हता. किमान पाच सदस्य लागतात, अध्यक्ष संस्थेबाहेरचा लागतो, कायदा जाणणारी व्यक्ती, सर्वसामान्यांतली एक व्यक्ती, असं गणित जुळवावं लागतं. गणपतीच्या तोंडावर ते जुळलं नाही. पुढची तारीख मिळाली ती पितृपक्षातली. मी समितीच्या सचिवालयात फोन करून सांगितलं, "अहो, दसऱ्यानंतर माझी माणसंच गावात नसणार." पलीकडून शांतपणे उत्तर आलं, "मॅडम, मग दिवाळीनंतर घ्या की."

दिवाळीनंतर! कारखान्याची धुराडी तेव्हा पेटलेली असतात.

एक गोष्ट इथेच सांगते, नाहीतर राहून जाईल. जोखीम अगदी कमी असेल तर एक-दोन सदस्यांकडून जलद तपासणी होऊ शकते. पण तुमचे सहभागी स्थलांतरित मजूर असतील, कर्जात बांधलेले असतील, तर ते ‘असुरक्षित गट’ धरले जातात आणि प्रस्ताव पूर्ण समितीपुढेच जातो. जलद मार्गाची आशा धरून बसू नका. बैठकांचं वर्षाचं वेळापत्रक आधी मागून घ्या आणि तुमच्या क्षेत्रकामाची तारीख त्यावरून उलटी मोजत या.

बैठक झाली आणि खरी गाडी अडली ती तिथे. आम्ही प्रस्तावात लिहिलं होतं की संमती तोंडी घेऊ, साक्षीदारासमोर, आणि हवी तर आवाजात नोंदवू. सही किंवा अंगठा घेणार नाही. कायद्याच्या सदस्यांनी चष्मा काढला. "सही नाही, अंगठा नाही, मग उद्या कुणी तक्रार केली तर तुम्ही दाखवणार काय?"

आता त्यांना कसं सांगायचं! या बायकांच्या आयुष्यात कागदावरचा अंगठा म्हणजे उचलीचा अंगठा. मुकादम स्टॅम्प पेपर काढतो, नवरा सही करतो, ती अंगठा उठवते, आणि पुढचं अख्खं वर्ष त्या कागदाला बांधलेलं असतं. प्रश्नावलीच्या चाचणीच्या वेळी मी हे डोळ्यांनी पाहिलं होतं. ओसरीवर एक बाई मोकळेपणाने बोलत होती, दवाखान्याचा खर्च, कंबरदुखी, सगळं. माझ्या सहकाऱ्याने पिशवीतून नुसतं स्टॅम्प पॅड काढलं. अजून झाकणही उघडलं नव्हतं. तिने दोन्ही हात पदराखाली घेतले आणि म्हणाली, "ते मालकाला इचारा." पुढे एक शब्द नाही.

हे मी बैठकीत सांगितलं. वकीलसाहेबांनी मान हलवली, पण आग्रह सोडला नाही. दुसरे एक सदस्य म्हणाले, अंगठा नको तर माहितीपत्रकाची एक प्रत तरी घरी द्याच, नियम आहे. तेव्हा इतका वेळ गप्प बसलेल्या, समितीवर सामान्य नागरिक म्हणून असलेल्या निवृत्त मुख्याध्यापिका बोलल्या. "तो कागद घरी गेला तर वाचणार कोण? बाई, की मुकादम?" सगळे क्षणभर थांबले. खाड्याच्या दंडाबद्दल तुम्ही कुणाशी बोललात, याचा छापील पुरावा आम्हीच तिच्या घरात ठेवून येणार होतो. मी प्रस्तावात पानंच्या पानं लिहिली होती; बाईंनी एका वाक्यात काम केलं.

तरीही मंजुरी आली नाही. आलं ते शंकांचं पत्र. त्याला उत्तर देताना मी जे केलं ते कुणालाही उपयोगी पडेल. भावना बाजूला ठेवल्या. त्याच 2017 च्या तत्त्वांत म्हटलंय की काही परिस्थितीत समितीच्या मंजुरीने तोंडी संमती घेता येते. तो भाग जसाच्या तसा जोडला. सोबत कोष्टक दिलं: डावीकडे समितीची शंका, मध्ये आमचं उत्तर, उजवीकडे प्रस्तावात कुठल्या पानावर बदल केला तो. साक्षीदार म्हणून गावातलीच, पण मुकादमाच्या नात्यातली नसलेली बाई घेऊ, असं लिहिलं. माहितीपत्रक घरी देण्याऐवजी वाचून दाखवू, आणि संपर्कासाठी फक्त एक फोन नंबर असलेली चिठ्ठी देऊ, तीही मागितली तरच. समित्यांना तुमचा कळवळा नको असतो, फाइलला लावता येईल असा आधार हवा असतो. एकदा तो हातात दिला की बहुतेक माणसं समजूतदार निघतात, वकीलसाहेबसुद्धा.

मंजुरीची मेल घटस्थापनेनंतर आली. मी ती एसटी स्टँडवर उभ्या उभ्या वाचली आणि कुणी बघतंय का याचा विचार न करता जोरात "सुटलो!" म्हणाले. शेजारच्या आजोबांनी विचारलं, पोरीला नोकरी लागली का. हो म्हटलं.

त्यानंतर जेवढ्या वाड्यांत जमलं तेवढ्या वाड्यांत मुलाखती केल्या. उरलेल्या बायकांना आम्ही हंगामात, कारखान्याजवळच्या कोप्यांवर, म्हणजे मजुरांच्या तात्पुरत्या झोपड्यांवर, गाठलं. त्यासाठी जागेचा बदल समितीला कळवून पुन्हा परवानगी घ्यावी लागली. ही दुरुस्ती मात्र लवकर मिळाली, कारण अर्जातच ‘मूळ गाव किंवा कामाचं ठिकाण’ असं लिहायला मुख्याध्यापिका बाईंनी आधीच सुचवलं होतं.

राहिला लोकसहभागाचा भाग. निष्कर्ष लोकांपर्यंत कसे पोचवणार, याचा रकाना आता प्रस्तावात असतोच. संस्थेला त्यात परिसंवाद, वृत्तपत्रात बातमी आणि फोटो हवे होते. वाडीतल्या बायकांना वेगळंच हवं होतं. 2019 साली बीडमधल्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांच्या बातम्या आल्या, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारी समिती बसली, आणि तेव्हापासून या भागात पत्रकार, संशोधक, संस्था यांची रीघच लागली. पहिल्याच दिवशी एकीने तोंडावर विचारलं, "मागच्यांनी काय लिवलं ते कुठं कळलं आमाला?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

म्हणून वैशाखात टोळ्या परतल्यावर आम्ही तेच आधी केलं. इंग्रजी अहवाल नंतर. पाच-सहा मिनिटांची ध्वनिफीत केली, तिथल्याच एका आशाताईच्या आवाजात, आणि ती व्हॉट्सॲपवर फिरवली. मग देवळाच्या पारावर बसून वाचून दाखवलं. खाड्याच्या भागाशी आल्यावर मागून आवाज आला, "थांबा. आजारपणाचा खाडा लिवला, बाळंतपणाचा नाही लिवला." खरंच, आमच्या कोष्टकात दोन्ही एकाच रकान्यात होते. आकडे पुन्हा वेगळे काढले आणि अहवालात त्या बैठकीचा उल्लेख केला. संस्थेला फोटो हवा होता म्हणून पाराचा दिला, बायका निघून गेल्यानंतर काढलेला. चेहऱ्यांची परवानगी आमच्याकडे नव्हती.

विसरायच्या आत: मंजुरी बहुधा वर्षाचीच असते. मुदत संपायच्या आधी प्रगती अहवाल देऊन ती वाढवून घ्यावी लागते, आपोआप वाढत नाही. पुढच्या हंगामाचा अर्ज मी यंदा मे महिन्यातच टाकलाय. सचिवालयातून पोच अजून आलेली नाही.