नागपूरच्या उन्हाळ्यात स्टँड मिक्सरवर पाव मळताना

उजव्या अंगठ्याच्या मुळाशी दुखणं धरलं आणि हाडांच्या डॉक्टरांनी पीठ मळणं बंद करायला सांगितलं. पोळ्यांच्या कणकेची सोय घरातल्यांनी वाटून घेतली, पण पावाचं काम दुसऱ्या कुणाच्या हाती द्यायला मन होईना. म्हणून स्टँड मिक्सर, म्हणजे भांड्यात हुक फिरवून पीठ मळणारं यंत्र, घ्यायचं ठरवलं. धाकटी जाऊ अमेरिकेत असते. ती म्हणाली, "ताई, मी इकडून आणते." पण तिथल्या घरातली वीज 120 व्होल्टची, आपली 230 ची. ओट्यावर यंत्राच्या शेजारी आणखी एक जड ट्रान्सफॉर्मर बाळगायचा, ते नको वाटलं. इथेच घेतला.

"केकसाठी घेतला का?" असं ओळखीच्या बऱ्याच जणींनी विचारलं. वास्तविक हे यंत्र सुचलंच पावाच्या पिठावरून. अमेरिकेतल्या हॉबर्ट कंपनीचे इंजिनिअर हर्बर्ट जॉन्स्टन यांनी 1908 मध्ये एका बेकरीवाल्याला धातूच्या चमच्याने पावाचं पीठ घोटताना पाहिलं आणि ते या कामाला लागले. घरगुती मॉडेल 1919 मध्ये आलं. तेव्हा पाव मळण्यासाठी मिक्सर घेणं म्हणजे काही चैन नव्हे, हे मी सगळ्यांना आवर्जून सांगते.

माझं प्रमाण लादी पावाचं आहे: मैदा 500 ग्रॅम, पाणी 325, दूध पावडर 20, साखर 25, मीठ 9, इन्स्टंट यीस्ट 5 आणि लोणी 40. यात पंचावन्न-सत्तावन्न ग्रॅमचे सोळा पाव होतात. याहून फार कमी पीठ घेऊन उपयोग नाही. पाव किलो मैद्यात हुक नुसता मधून फिरत राहतो, गोळा भांड्याच्या कडेला चिकटून बसतो आणि मळलं काहीच जात नाही.

मैदा, दूध पावडर, यीस्ट आणि पाणी हुकने जेमतेम एकत्र करायचं. कोरडं पीठ दिसेनासं झालं की यंत्र बंद करून वर ओलं फडकं टाकायचं आणि वीस मिनिटं हात लावायचा नाही. पुरणपोळीची कणीक आपण मुरत ठेवतो, तसंच हे. मैद्यातली ग्लुटेनिन आणि ग्लायडिन ही प्रथिनं पाणी पिऊन आपोआप जोडायला लागतात आणि त्यांचं ग्लुटेन, म्हणजे पिठाला ताण देणारं जाळं, होऊ लागतं. त्यामुळे पुढचं मळणं कमी होतं. फ्रान्समधले पावाचे मोठे जाणकार रेमों काल्व्हेल यांनी हा मुरवणीचा टप्पा रूढ केला. यंत्राने फार वेळ, फार जोरात मळलं की पिठात हवा मिसळते, रंग पांढराफटक होतो आणि चव जाते, हे ते कळकळीने सांगत. आपल्या मैद्यात प्रथिनं तशी बेताचीच, त्यामुळे मला तर ही वीस मिनिटं सर्वांत मोलाची वाटतात.

मग मीठ, साखर घालून दुसऱ्या स्पीडवर मळायचं. त्यापुढे जायचं नाही, माझ्या यंत्राच्या पुस्तिकेतही यीस्टच्या पिठाला हीच मर्यादा दिलेली आहे. लोणी आधीच घातलं तर ते पिठाच्या कणांवर बसतं आणि ग्लुटेन तयार व्हायला उशीर होतो, म्हणून गोळा धरू लागल्यावर थोडं थोडं घालायचं. लोणी पडलं की सगळं पुन्हा विस्कटतं, भांडं लडबडतं. अशा वेळी वरून मैदा भुरभुरावासा वाटतो, पण तो घालायचा नाही. दोन-तीन मिनिटांत पीठ परत आवळून येतं. भांड्याची कड साफ होते, तळाशी रुपयाएवढंच पीठ चिकटलेलं राहतं आणि आवाज बदलतो: आधीची चिकट फचफच जाऊन गोळा भांड्यावर थपथप आपटायला लागतो. मी घड्याळापेक्षा या आवाजावर जास्त भरवसा ठेवते. गोळा हुकवर चढत वर जाऊ लागला की थांबून खाली ढकलावा लागतो. आणि यंत्र चालू ठेवून दुसऱ्या खोलीत जायचं नाही. पीठ घट्ट असलं की यंत्र ओट्यावर सरकत जातं.

नागपुरात खरा प्रश्न तापमानाचा. हुकच्या घर्षणाने पीठ तापतं, हाताने मळताना तापतं त्याहून कितीतरी जास्त. पीठ 26 अंशांच्या आसपास निघालं तर उत्तम. तिशीपार गेलं की लोणी सुटतं, गोळा चकचकीत आणि चिकट होतो, ओढला की तुटतो आणि यीस्ट सुसाट सुटतं. बेकरीवाले यासाठी एक सोपं गणित करतात. हवं ते तापमान गुणिले तीन, म्हणजे 78. त्यातून खोलीचं, मैद्याचं आणि घर्षणाचं तापमान वजा केलं की उरतं ते पाण्याचं. घर्षणाचा आकडा ज्याच्या त्याच्या यंत्रावर आणि मळण्याच्या वेळेवर ठरतो. तो काढायला एकदा मळून झालेल्या गोळ्यात थर्मामीटर खुपसायचा, आलेला आकडा तिप्पट करायचा आणि त्यातून खोली, मैदा, पाणी वजा करायचं. माझ्याकडे तो 10 येतो.

डिसेंबरात स्वयंपाकघर 20 अंश, मैदा 19, म्हणजे पाणी 29 अंशांचं. बोट घातलं तर कोमटही लागत नाही. मे महिन्यात मात्र स्वयंपाकघर 38, मैदा 36, आणि उत्तर येतं उणे सहा! इतकं थंड पाणी आणायचं कुठून? म्हणून उन्हाळ्यात मैदा मोजून, घट्ट झाकणाच्या डब्यात घालून रात्रभर फ्रीजमध्ये ठेवते. सकाळी भांड्यात पडताना तो 10 अंशांवर असतो आणि मग पाणी 20 अंशांचं चालतं. माठाच्या पाण्यात बर्फाचे एक-दोन खडे टाकून ते सहज जमतं. बर्फ वितळू द्यायचा आणि मगच पाणी वजनाला घ्यायचं.

मळून झालं की ओल्या बोटांनी लिंबाएवढा तुकडा घेऊन हळूहळू ताणते. पातळ पापुद्रा होऊन त्यातून पलीकडच्या बोटाची सावली दिसली आणि तो फाटला नाही, तर झालं. लगेच फाटला तर आणखी मिनिटभर मशीन. शेवटच्या दोन घड्या मात्र हातानेच घालते. त्याने अंगठ्याला त्रास होत नाही आणि पीठ नेमकं किती सैल आहे ते तळहाताला कळतं. ते कळलं की पुढच्या खेपेला पाणी किती घ्यायचं तेही ठरतं. पुढे मे महिन्यात पाऊण तासात पीठ दुप्पट होतं, थंडीत दीड-दोन तास लागतात.

आता कणकेचा पाव बसवते आहे. चक्कीवर दळताना गव्हातला स्टार्च जास्त चिरडला जातो, त्यामुळे कणीक मैद्यापेक्षा बरंच जास्त पाणी पिते. 500 ग्रॅम कणकेला पावणेचारशे ग्रॅमपासून सुरुवात करते आणि मुरवणी पाऊण तासाची ठेवते. कोंडा ग्लुटेनचे धागे कापतो म्हणून पापुद्रा मैद्याइतका पातळ येत नाही. कड साफ झाली आणि गोळा ओढल्यावर आखडून परत आला की मी तिथेच मशीन थांबवते.