कपाटात असलेले, संगणकात नसलेले पुस्तक

सातारा जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी असलेल्या सार्वजनिक ग्रंथालयाची संगणकप्रणाली देखभालीसाठी आमच्या पुण्यातील छोट्या कंपनीकडे आली, तेव्हा तिथल्या तक्रारी ठरावीक असत: प्रिंटर अडला, वीज जाऊन आल्यावर सर्व्हर आपणहून चालू झाला नाही, वर्गणीच्या पावतीवर भलताच महिना छापला गेला. अशी कामे फोनवर बोलत बोलत उरकता येतात आणि संध्याकाळपर्यंत लक्षातही राहत नाहीत. मागच्या उन्हाळ्यात ग्रंथपालबाईंचा जो फोन आला, तो मात्र निराळा होता. वार्षिक ग्रंथपडताळणी चालू होती. त्या म्हणाल्या, "दादा, पुस्तक माझ्या हातात आहे, त्यावर आपला दाखल क्रमांक आहे, शिक्का आहे, आणि तुमचा संगणक म्हणतो की असे पुस्तकच नाही."

ते पुस्तक म्हणजे महात्मा जोतीराव फुले यांचा १८८३ सालचा ‘शेतकऱ्याचा असूड’. ज्या गावातील निम्मे सभासद शेती करतात, तिथल्या ग्रंथालयात हा ग्रंथ नसावा हे कोणालाही खटकले असते. पण काही महिन्यांपूर्वी एका विद्यार्थ्याने तो मागितला, तेव्हा देवघेवीच्या खिडकीवरील सहायकाला पडद्यावर ‘नोंद आढळली नाही’ असेच उत्तर मिळाले होते आणि त्यावर विसंबून ग्रंथालयाने नवी प्रत विकतही घेतली होती. पडताळणीत दोन्ही प्रती एकाच फळीवर निघाल्या. दाखल क्रमांक टाकला की जुन्या प्रतीची नोंद निमूटपणे समोर येई, शीर्षक टाकले की फक्त नवी येई. म्हणजे नोंद हरवलेली नव्हती. नाव जुळत नव्हते.

मी दोन्ही शीर्षके एकाखाली एक ठेवली. डोळ्यांना त्यांत काहीही फरक दिसत नव्हता; टंक एकच, अक्षरे तीच, जोडाक्षरही तेच. मग डेटाबेसला प्रत्येक शीर्षकाची लांबी विचारली, तेव्हा नव्या प्रतीच्या नोंदीत मधली मोकळी जागा धरून पंधरा चिन्हे भरली आणि जुन्या प्रतीच्या नोंदीत सोळा. ते सोळावे चिन्ह कुठे दडले आहे हे पाहण्यासाठी शीर्षकाचे सांकेतांक, म्हणजे संगणक प्रत्येक चिन्हासाठी जे क्रमांक साठवतो ते, सुटे करून वाचले, आणि ‘ऱ्या’पाशी येऊन थांबलो.

जगभरच्या लिप्यांसाठी ठरवलेल्या युनिकोड या समान संकेतात देवनागरीसाठी ०९०० ते ०९७एफ असे १२८ सांकेतांकांचे घर आहे आणि त्याची मांडणी इस्की या भारतीय संकेतावरून घेतलेली आहे. त्यात ०९३० हा ‘र’ आणि ०९३१ हा ‘ऱ’. हा दुसरा ‘ऱ’ मुळात द्राविडी भाषांतील एका उच्चाराच्या लेखनासाठी आहे, परंतु त्याला हलन्त जोडल्यावर जे अर्धे रूप मिळते ते म्हणजे ‘दऱ्या’, ‘कोऱ्या’ या शब्दांतला, पापणीसारखा दिसणारा आपला अर्धा र. हेच रूप मिळवण्याचा दुसरा मार्गही प्रमाणात मान्य आहे: साधा ‘र’, मग हलन्त, मग २००डी हा डोळ्यांना न दिसणारा जोडक. तिसरा मार्ग म्हणजे साध्या ‘र’ला नुक्ता, म्हणजे अक्षराखालचा टिंब, लावून पुढे हलन्त. कागदावर तिन्ही एकच दिसतात, यंत्राला मात्र तीन वेगळे शब्द दिसतात. यांपैकी पहिले आणि तिसरे रूप युनिकोडच्या प्रमाणीकरणात, म्हणजे सारखी रूपे एकाच रूपात आणण्याच्या नियमांत, एक होतात आणि ती सोय पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये तेराव्या आवृत्तीपासून तयारच मिळते. परंतु अदृश्य जोडक असलेल्या रूपाला ते प्रमाणीकरण हात लावत नाही. आमचा बहुतेक गोंधळ नेमका त्या रूपाचा होता.

हा गोंधळ कोणा एकाचा नव्हे. ग्रंथालयातील सर्वांत जुन्या नोंदी युनिकोडपूर्व टंकांत भरलेल्या होत्या आणि नंतर कोणीतरी त्या रूपांतरित केल्या होत्या. पुढच्या काही वर्षांच्या नोंदी इन्स्क्रिप्ट हा कळफलक शिकलेल्या मुलीने केल्या, तिथे शिफ्ट धरून ‘र’ची कळ दाबली की थेट ‘ऱ’ उमटतो. त्यानंतरच्या नोंदी रोमन अक्षरांतून मराठी उमटवणाऱ्या साधनांनी झाल्या आणि त्यांतली काही जुनी साधने जोडकाचा मार्ग घेतात. प्रत्येकाने आपल्या परीने शुद्धच लिहिले होते.

एक धागा ओढल्यावर बाकीचे आपोआप हाती येऊ लागले. ‘दुःख’ आणि ‘अंतःकरण’ यांतील विसर्ग कित्येक नोंदींत विसर्ग नसून विरामचिन्हांतले अपूर्णविराम होते. रूपांतरित नोंदींत ‘ओ’कार हा एक चिन्ह नसून काना आणि मात्रा असा दोन चिन्हांनी उभा केलेला होता, त्यामुळे नुसते ‘लोक’ टाकले तरी लोककथांची अर्धी पुस्तके गायब होत. ‘ॲटलास’मधल्या पहिल्या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र सांकेतांक मिळाला तो २००८ साली, त्याआधी, आणि सवयीने नंतरही, लोक ‘अ’वर चंद्र ठेवून काम भागवत आले आहेत. माझ्या मते या साऱ्यांत सर्वांत घातक तो काना-मात्रेचा प्रकार, कारण त्याला शब्दाची मर्यादाच नाही. जिथे ओकार तिथे तो.

उपाय काय करावा यावर कार्यालयात मतभेद झाले. एका सहकाऱ्याचे म्हणणे असे की, सगळी न दिसणारी चिन्हे सरसकट काढून टाकावीत. हे सोपे असले तरी जोडक काढला की अर्ध्या र चा रफार होतो आणि आचाऱ्यांसाठी लिहिलेले पाककृतींचे पुस्तक आचार्यांच्या नावावर जाते. दुसऱ्याचे म्हणणे असे की, शीर्षकेच एकदा दुरुस्त करून टाकावीत. त्याला मी विरोध केला. दाखल नोंद ही ग्रंथालयाची दप्तरी नोंद आहे. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम, १९६७ लागू आहे, अनुदान अ, ब, क, ड या वर्गांनुसार मिळते आणि तपासणीत छापील दाखल नोंदवही व संगणक यांचा मेळ पाहिला जातो. पुण्यात बसून आम्ही हजारो शीर्षके एका आज्ञेने बदलावीत हे मला रुचेना, मग तो बदल डोळ्यांना दिसत नसला तरी.

म्हणून मूळ शीर्षकाला धक्का न लावता शेजारी ‘शोधरूप’ नावाचा एक नवा रकाना केला. नोंद जतन होताना त्या रकान्यात शीर्षकाची एकसारखी केलेली प्रत पडते: जोडकासह आलेला अर्धा र ‘ऱ’मध्ये बदलतो, काना-मात्रेचा ओकार होतो, ‘अ’वरचा चंद्र स्वतंत्र अक्षर बनतो, आणि विसर्ग व अपूर्णविराम दोन्ही गाळले जातात. वाचकाने टाकलेला शब्दही याच चाळणीतून जातो. शोधरूप शुद्ध असण्याची गरज नसते, दोन्ही बाजूंनी सारखे असले की पुरते. विसर्ग ठेवावा की नाही यावर वाद घालणाऱ्या सहकाऱ्याला हे पटवायला मला दुपारचा चहा खर्च करावा लागला.

चाचणीची आवृत्ती मी रात्री घरी आईच्या फोनवर उघडून दिली. ती निवृत्त शिक्षिका आहे, दुपारी दोन तास वाचन चुकवत नाही, आणि तिचा फोन हे माझे बिनपगारी गिऱ्हाईक आहे: कधी शुभसकाळच्या चित्रांनी जागा भरलेली असते, कधी अक्षरे एकाएकी बारीक झालेली असतात. तिने ‘शेतकऱ्याचा’ शोधताना ‘शेतकर्याचा’ असे रफाराने लिहिले आणि उत्तर शून्य आले. मी म्हणालो, "आई, हे अशुद्ध आहे, वर्गात तूच लाल शाईने खुणा करायचीस." ती म्हणाली, "अरे, वर्गात माझ्या हातात पेन असायचे. या फोनवर तो ऱ मला कुठे सापडतो? र वर बोट दाबून धरले की येतो म्हणतोस, पण माझे बोट तितका वेळ स्थिर राहत नाही." समोर पुस्तक मागणारे निम्मे लोक असेच लिहीत असणार, आणि त्यांना पुस्तक हवे आहे, शुद्धलेखनाचे गुण नकोत, हे उघडच होते.

तेव्हा आधी काटेकोर शोधरूपाने शोध, आणि त्यात काही न मिळाल्यास र चा हा भेद सोडून देणारा ढिला शोध, अशा दोन पायऱ्या केल्या. आचारी आणि आचार्य आता क्वचित एकत्र येतात, पण ते दुसऱ्या पायरीवर, ‘जवळची शीर्षके’ या मथळ्याखाली. जुन्या नोंदींचे शोधरूप भरण्याचे काम ग्रंथालय बंद असताना, आधी सर्व माहितीची प्रत काढून ठेवून, रात्री चालवले. दुसऱ्या दिवशी ग्रंथपालबाईंनी पडताळणीची यादी घेऊन एकेक नाव टाकायला सुरुवात केली आणि मला फोनवर नुसते ऐकत बसावे लागले: "आले... आले... हेही आले... अहो, याची तर आपण मागच्या वर्षी दुसरी प्रत घेतली!" अशा जादा प्रती त्यांनी वेगळ्या काढून शाळांच्या पेटीवाचनालयासाठी देण्याचे ठरवले आहे.

आता त्यांना छापील यादी वर्णक्रमाने हवी आहे. ‘ळ’ ‘ल’च्या पाठोपाठ न येता ‘ह’नंतर यावा, आणि ‘क्ष’ व ‘ज्ञ’ हे ‘क’ व ‘ज’ यांच्या पोटात न जाता शेवटी यावेत, असे त्यांनी पत्रात अधोरेखित करून कळवले आहे. सांकेतांकांचा क्रम यातले काहीच मानत नाही, त्यामुळे शोधरूपाच्या शेजारी आणखी एक रकाना लागणार. त्याचे काम सुरू केले आहे. तपासणीच्या आधी पुरे होईल असे त्यांना कळवले आहे.