चोर कुरकुर करत नाही

विमानप्रवासावर बक्षीस म्हणून जमा होणारे मैल हॉटेलच्या पॉइंटांत बदलून देणं ही कोणाची पूर्ण वेळची नोकरी असू शकते, हे आमच्या घरी अजून कोणाला पटलेलं नाही. आई पाहुण्यांना ‘ती विमानाच्या ऑफिसात असते’ एवढंच सांगते. मी पुण्यात खराडीला रात्रपाळी करते. एका परदेशी विमान कंपनीच्या मैलांच्या कार्यक्रमाचं काम आमच्याकडे ठेक्याने आलेलं आहे, आणि माझ्या रांगेत फक्त तेच व्यवहार येतात जे सिस्टीमला संशयास्पद वाटले.

बाकीचे व्यवहार माणसाचा हात न लागता होतात. दोन्ही खाती जोडा, आकडा टाका, ओटीपी टाका, एक-दोन दिवसांत पॉइंट जमा. पण गेलेले मैल परत येत नाहीत. हॉटेलच्या खात्यात पडले की ते हॉटेलचे झाले. म्हणून चोरांना हा रस्ता फार प्रिय. चोरीच्या मैलांवर विमानाचं तिकीट काढायचं तर पासपोर्टवरचं नाव द्यावं लागतं आणि ठरलेल्या दिवशी विमानतळावर हजर व्हावं लागतं. हॉटेलची खोली मात्र बुक करून स्वस्तात तिसऱ्यालाच विकता येते.

आता दराबद्दल. लोकांना वाटतं हे एका बँकेतून दुसऱ्या बँकेत पैसे पाठवण्यासारखं आहे. तसं अजिबात नाही. मी काम शिकले तेव्हा प्रशिक्षणात व्हर्जिन अटलांटिक ही विमान कंपनी आणि हिल्टन हॉटेलं यांचं उदाहरण द्यायचे, कारण तिथे दोन्ही दिशांचे दर जाहीर होते. व्हर्जिनचे 10,000 दिले की हिल्टनचे 15,000 मिळायचे. वा! मग तेच 15,000 उलटे फिरवा. हिल्टनच्या 10,000 ला व्हर्जिनचे 1,500, म्हणजे हातात आले 2,250. कुठेही न जाता, कुठेही न राहता तीन चतुर्थांशापेक्षा जास्त गळती. आणि व्हर्जिनचा तो जाण्याचा दर तरी त्यातल्या त्यात बरा. अमेरिकन एअरलाइन्सने 1 मे 1981 ला ॲडव्हान्टेज हा आपला मैलांचा कार्यक्रम सुरू केला तो गिऱ्हाईक आपल्याकडेच टिकावं म्हणून. टिकवण्यासाठी दिलेली वस्तू बाहेर न्यायची म्हटलं तर दंड बसणारच. आमच्या कंपनीचा दर मी इथे लिहीत नाही, पण माझ्या स्वतःच्या खात्यात मैल असते तर मी ते या दराने बदलले नसते. ग्राहकाला हे सांगायची मला परवानगी नाही. ‘आम्ही आर्थिक सल्ला देत नाही’ हे वाक्य स्क्रिप्टमध्ये ठळक अक्षरांत आहे.

तर खरा मालक दर ऐकला की कळवळतो. ही लूट आहे म्हणतो, मॅनेजर मागतो. मुंबईकर असेल तर जेट एअरवेजचा दाखला देतो. जेटची विमानं 17 एप्रिल 2019 नंतर थांबली, पण त्यांच्या मैलांचा कार्यक्रम चालवणारी जेटप्रिव्हिलेज ही स्वतंत्र कंपनी असल्यामुळे मैल शाबूत राहिले आणि त्याच वर्षी कार्यक्रमाचं नाव इंटरमाइल्स झालं. ‘तुमच्यापेक्षा बुडालेली कंपनी बरी’ हे मी कितीदा तरी ऐकलंय. चोर यातलं काहीच करत नाही. फुकटच्या मालात निम्मी घट आली तरी त्याचं काय जातं? चोर कुरकुर करत नाही, हा माझा नियम. तो कुठल्याही मॅन्युअलमध्ये नाही. मी क्वालिटीवाल्यांना सुचवला होता, तेव्हा ‘कुरकुर मोजायची कशी’ असं उत्तर आलं. त्यांना जे मोजता येत नाही ते घडतच नाही.

ही केस महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी रात्री आली. सिस्टीमने दिलेले संशयाचे गुण बघूनच मी खुर्ची पुढे ओढली. खात्यातली सगळी शिल्लक एकाच फटक्यात चाललेली. हॉटेलचं खातं त्याच आठवड्यात उघडलेलं. खातेदार कोकणातला, लॉगिन जर्मनीतून, त्याआधीचं आणखी तिसऱ्याच देशातून. ओटीपी वारंवार चुकलेला, आणि शेवटी बरोबर आला तो पाठवल्यापासून बऱ्याच उशिराने, म्हणजे कोणीतरी कोणालातरी वाचून दाखवलेला. वर नावही जुळत नव्हतं.

नावाचं मी फारसं मनावर घेतलं नाही. विमानाच्या आरक्षणात आधी आडनाव, मग तिरकी रेघ, मग नाव, आणि त्यालाच चिकटून ‘एमआर’ किंवा ‘एमआरएस’. आपल्याकडे मध्ये वडिलांचं नाव. सगळं मिळून ‘सुरेशमहादेवएमआर’ असा एकच माणूस तयार होतो. हॉटेलच्या खात्यात तोच नुसता ‘सुरेश’. ही सिस्टीम बांधणाऱ्यांना एक नाव, एक आडनाव यापलीकडची माणसं भेटलेलीच नसावीत. मराठी, तमिळ आणि पासपोर्टवर आडनावच नसलेले लोक मिळून माझी निम्मी रांग भरतात.

बाकीचं मात्र मनावर घेण्यासारखं होतं. मी व्यवहार थांबवला, तसा थोड्या वेळात फोन आला. आवाज दोन-दोन सेकंद मागे. साहेब म्हणाले, जहाजावर चीफ इंजिनिअर आहे, ब्राझीलकडे निघालोय, बायको घरून ओटीपी वाचून दाखवते कारण इथे मोबाइलला रेंज नाही. जहाजाचं इंटरनेट उपग्रहावरून ज्या देशातल्या केंद्रात उतरतं, तोच देश आमच्या सिस्टीमला दिसतो, हे मला माहीत होतं. पण मर्चंट नेव्हीची गोष्ट चोरांनाही माहीत असते.

म्हणून मी दर वाचून दाखवला. सावकाश, आकडे सुटे करून. आणि थांबले.

“ठीक आहे. करा,” ते म्हणाले.

बस्स. एक उसासा नाही. मी पुन्हा विचारलं, “सर, हातात किती पडणार ते पाहिलंत ना?” तर म्हणे, “पाहिलं. करा लवकर, लिंक जाईल.” माझ्या पोटात गोळा आला.

नियमाप्रमाणे केस रिस्क टीमकडे जायला हवी होती. ती टीम युरोपात बसते आणि शुक्रवारी संध्याकाळी उठते ती सोमवारीच परत बसते. डेल्टाचे मैल 2011 पासून आणि युनायटेडचे 2019 पासून कालबाह्य होत नाहीत. सिंगापूर एअरलाइन्सचे मिळाल्यापासून 36 महिन्यांनी जातात. आमचे सिंगापूरच्या पंथाचे. या खात्यातला मोठा हिस्सा रविवारी मध्यरात्री जाणार होता, तीही कंपनीच्या मुख्यालयाची मध्यरात्र. माझा टीम लीड म्हणाला, “होल्ड टाक आणि पुढची घे.” माणूस वाईट नाही, पण त्याचं सगळं लक्ष केस किती मिनिटांत बंद झाली यावर.

हा खरा मालक आहे का हे ठरवायला तिकीट नंबर विचारून उपयोग नव्हता. एअर इंडियाचा 098 ने सुरू होतो, सिंगापूरचा 618 ने, पुढे दहा आकडे. पण ई-तिकीट ईमेलमध्ये असतं, आणि ज्याने ईमेल फोडला त्याच्याकडे तेही असणार. मग मला सुचलं (याचा मला अजून अभिमान आहे) की बोर्डिंग पासवर एक सिक्वेन्स नंबर असतो. चेक-इन करताना तुम्ही कितवे होतात तो. तिकिटावर तो नसतो, आणि आमच्याकडे उड्डाणाच्या नोंदीत दिसतो. जहाजावर रुजू व्हायला निघालेला माणूस बहुतेकदा काउंटरवरच चेक-इन करतो, कारण सीडीसी (खलाशाचं नोंदपुस्तक) आणि जॉइनिंगचं पत्र दाखवावं लागतं. त्यामुळे पास छापील. आणि हे लोक प्रवासाचा कागद फेकत नाहीत, जहाजावर माणसं पुरवणाऱ्या मॅनिंग एजंटला हिशेब द्यायचा असतो.

विचारल्यावर पलीकडे शांतता, मग ड्रॉवर ओढल्याचा आवाज. साइन ऑनला, म्हणजे जहाजावर रुजू व्हायला जातानाचा नंबर त्यांनी वाचला. बरोबर. मी आधीच्या साइन ऑफचा, म्हणजे जहाज सोडून घरी येतानाचा विचारला. तोही बरोबर, वर सीट बदलून दिल्याची तक्रार.

“मॅडम, मराठी ना तुम्ही?” त्यांनी एकदम विचारलं. फोनवर इंग्रजीच बोलायचं हा नियम आहे, त्याचे गुण कापतात. मी हो म्हटलं.

“मग मघापासून दर काय ऐकवताय? मला तो पाठ आहे. माझी तिकिटं कंपनी काढते, घरच्यांचा प्रवास कोकणकन्येचा. पुण्यात मुलीचं लग्न आहे, आणि मुलाकडच्यांना कार्यालयाच्या खोल्यांत उतरवायचं नाही असं मिसेसनी ठरवलंय. सोमवारी हे मैल शून्य होणार. शून्य होणाऱ्या मालाला काय भाव विचारायचा?”

त्यांनी वहीत सगळं मांडलेलं होतं. कुठल्या रात्री पॉइंटांवर साधी खोली मिळते, किती खोल्या बसतात, किती पैसे रोख घालावे लागतील. मी दरावरून त्यांना आधी चोर आणि मग बिनडोक समजत होते. ड्यूटी मॅनेजरला उठवून मी मंजुरी घेतली आणि व्यवहार सोडला. त्या महिन्याच्या ऑडिटमध्ये केस ‘प्रक्रियेबाहेर’ म्हणून माझ्या नावावर लागली. त्यावर मी लांबलचक उत्तर लिहिलं, ते कोणी वाचल्याची खूण नाही.

इथवर सगळं ठीक होतं. पण पुढे आणखी एका महिनाअखेरीला जवळजवळ तशीच केस आली. उपग्रहाचं लॉगिन, नवं हॉटेल खातं, संपूर्ण शिल्लक, दराबद्दल चकार शब्द नाही. हाही म्हणाला, जहाजावर आहे. मी सिक्वेन्स नंबर विचारला. तो म्हणाला, पास ठेवलेला नाही, कोण ठेवतो? तेही खरंच आहे. मग लाइन कट झाली. त्याने फोन ठेवला की लिंक गेली, रेकॉर्डिंग ऐकून सांगता येत नाही. मी होल्ड टाकला. या वेळी ड्यूटी मॅनेजरला उठवण्यासारखं माझ्या हातात काही नव्हतं.

मैल रविवारी रात्री गेले. तो चोर असता तर सहसा दुसऱ्या दिवशी नव्या नंबरावरून पुन्हा प्रयत्न झाला असता, तसा झाला नाही. मालक असता तर भांडायला फोन आला असता, तोही आलेला नाही. जहाजावर असेल तर कॉन्ट्रॅक्ट संपेपर्यंत कदाचित येणारही नाही.