एकवीसशे रुपयांचा हिशेब कोणाकडे मागायचा?

महाराष्ट्राच्या २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत मतदार म्हणून माझ्यासमोर दोन आकडे ठेवण्यात आले होते. महायुती म्हणत होती की लाडक्या बहिणींचे पंधराशे रुपये आम्ही एकवीसशे करू. महाविकास आघाडी म्हणत होती की आम्ही तीन हजार देऊ. मधल्या काळात राज्याच्या तिजोरीत काय आहे, हा विषय दोन्ही बाजूंच्या व्यासपीठांवरून जवळजवळ गायब झाला होता.

क्रम आठवून पाहण्यासारखा आहे. लोकसभेच्या ४८ पैकी केवळ १७ जागा महायुतीच्या वाट्याला आल्या, आणि त्यानंतर महिना उलटायच्या आत, २८ जून २०२४ रोजी, त्या वेळचे अर्थमंत्री अजित पवार यांनी अर्थसंकल्पात ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजना जाहीर केली. वर्षाला ४६,००० कोटी रुपयांची तरतूद सांगितली गेली. तेव्हा विरोधकांनी तिजोरी रिकामी होईल अशी ओरड केली, ती रास्तही होती. परंतु ६ नोव्हेंबरला मुंबईतील वांद्रे-कुर्ला संकुलातल्या सभेत त्याच विरोधकांनी महिलांना तीन हजार रुपये, मोफत बसप्रवास, तीन लाखांपर्यंतची शेतकरी कर्जमाफी, पंचवीस लाखांचा आरोग्य विमा आणि बेरोजगार तरुणांना चार हजार रुपये अशी यादी वाचून दाखवली. याच्या जेमतेम आठवडाभर आधी काँग्रेसचे अध्यक्ष मल्लिकार्जुन खर्गे यांनी आपल्याच पक्षाच्या लोकांना, अर्थसंकल्प पाहिल्याशिवाय हमी देत सुटू नका, असे जाहीरपणे सुनावले होते. आपल्या अध्यक्षांचा सल्ला इतक्या तत्परतेने विसरणारा पक्ष मतदाराला दिलेला शब्द किती दिवस लक्षात ठेवील, असा प्रश्न मला तेव्हा पडला होता.

दरमहा पंधराशे म्हणजे वर्षाला अठरा हजार. ४६,००० कोटींत साधारण अडीच कोटी महिला बसतात. तेवढ्याच महिलांना एकवीसशे द्यायचे तर खर्च ६४,००० कोटींच्या वर जातो आणि तीन हजार द्यायचे तर ९२,००० कोटींवर पोहोचतो. हा हिशेब सातवीतला विद्यार्थी करू शकेल. आमच्या भागात प्रचाराला आलेल्या एका तरुण कार्यकर्त्याला मी तो करून दाखवला आणि वरचे पैसे कुठून येणार, असे विचारले. तो बिचारा प्रामाणिकपणे म्हणाला, “काका, ते वरचे लोक बघतील.” त्याच्यावर रागावण्यात अर्थ नव्हता, कारण वरच्या लोकांनीही ते सांगितलेले नव्हते.

निकाल सर्वांना ठाऊक आहे: महायुती जिंकली. त्यानंतर १० मार्च २०२५ रोजी जो अर्थसंकल्प आला त्यात एकवीसशेचा उल्लेख नव्हता आणि योजनेची तरतूद ३६,००० कोटींवर आली होती. पुन्हा अठरा हजारांनी भागून पाहावे: बरोबर दोन कोटी महिला. म्हणजे सुमारे अर्धा कोटी बहिणींना या हिशेबात जागा उरलेली नव्हती, आणि हे कोणी भाषणात सांगितले नाही तरी आकड्यात स्पष्ट दिसत होते. पुढे छाननी झाली, सव्वीस लाखांहून अधिक लाभार्थ्यांचे हप्ते थांबवण्यात आले, चौदा हजारांहून अधिक पुरुषांनीही लाभ घेतल्याचे उघड झाले आणि मग ई-केवायसी सक्तीचे झाले. अपात्रांना वगळणे योग्यच आहे. माझा आक्षेप वेळेवर आहे. २०२४ च्या जुलै ते ऑक्टोबर या महिन्यांत अर्ज भराभर मंजूर होत होते, ऑक्टोबर आणि नोव्हेंबरचे हप्ते दिवाळीपूर्वी आगाऊ जमा झाले, आणि उत्पन्नाची अट, घरातली चारचाकी, दुसऱ्या योजनेचा लाभ या गोष्टी मात्र मतमोजणी उरकल्यानंतर बारकाईने तपासल्या जाऊ लागल्या.

ही योजना घेणाऱ्या महिलांना ‘रेवडी’वर विकल्या गेलेल्या म्हणून हिणवणारे लोक मला आवडत नाहीत. मोलमजुरी करणाऱ्या बाईच्या स्वतःच्या खात्यात दरमहा पंधराशे रुपये येणे ही लहान गोष्ट नाही. त्यातून औषधे येतात, मुलांच्या वह्या येतात. म्हणूनच तिला एकवीसशेचे आमिष दाखवून नंतर गप्प बसणे मला अधिक संतापजनक वाटते.

पैसा अखेर कुठूनतरी काढावाच लागतो. मे २०२५ मध्ये सामाजिक न्याय आणि आदिवासी विकास या दोन विभागांचे मिळून सुमारे ७४६ कोटी रुपये या योजनेकडे वळवले गेले, तेव्हा खुद्द सामाजिक न्यायमंत्री संजय शिरसाट यांनीच जाहीर नाराजी व्यक्त केली. सरकारी कामे करून बसलेले कंत्राटदार थकलेल्या देयकांसाठी रस्त्यावर आले. दहा रुपयांत जेवण देणाऱ्या शिवभोजन केंद्रांचे चालकही पैसे अडकल्याची तक्रार करू लागले. २०१९ च्या प्रचारातले ते एक स्वस्तातले वचन होते, आणि गंमत अशी की ते पाळलेही गेले होते.

कर्जमाफीचे काय झाले तेही पाहावे. महायुतीच्या जाहीरनाम्यातही ती होती. मार्च २०२५ च्या अखेरीस अजित पवारांनी बारामतीत सांगितले की ३१ मार्चच्या आत पीककर्ज भरून टाका. माफी होणार या आशेवर ज्या शेतकऱ्याने हप्ता थांबवला, त्याच्या डोक्यावर व्याज चढले ते निराळेच.

कायद्याने दाद मागावी म्हटले तर दार बंद आहे. तमिळनाडूतील मोफत दूरचित्रवाणी संचांसारख्या वाटपावरून झालेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये म्हटले की जाहीरनाम्यातले आश्वासन लोकप्रतिनिधित्व कायद्याखाली भ्रष्ट आचरण ठरत नाही. त्याच निकालानुसार निवडणूक आयोगाने आचारसंहितेत भर घातली आणि आश्वासनांसाठी लागणारा पैसा कसा उभा करणार हे पक्षांनी ढोबळमानाने तरी सांगावे, असे नमूद केले. २०२२ मध्ये आयोगाने त्यासाठी ठराविक नमुनाही सुचवला, आणि अनेक पक्षांनी त्याला विरोध केला. विधानसभेच्या उमेदवाराच्या खर्चाला ४० लाखांची मर्यादा आहे, पक्षाच्या खर्चाला ती नाही, आणि वचनांच्या खर्चाला तर अंदाज देण्याचीही खरी सक्ती नाही.

शिवाय वचन नेमके कोणी दिले हेही आता सांगता येत नाही. २०१९ मध्ये ज्यांना मत दिले ते पाच वर्षांत कुठून कुठे गेले, तीन मुख्यमंत्री कसे झाले आणि दोन पक्षांचे चार कसे झाले, हे आपण पाहिलेच आहे. त्या वर्षीचा जाहीरनामा हातात घेऊन मतदाराने कोणत्या गटाच्या कार्यालयात जावे?

पुढच्या वेळी दारात येणाऱ्यांकडे मी अर्धे पान मागणार आहे: लाभार्थी किती, वर्षाचा खर्च किती, कोणत्या विभागाच्या पैशाला कात्री लागणार, आणि पहिला हप्ता कोणत्या महिन्यात. खाली पक्षाची नव्हे, तर उमेदवाराची स्वतःची सही हवी, कारण पक्ष फुटला तरी मतदारसंघात तोंड दाखवावे लागते ते त्यालाच.